नंबर दिसला तर तीस लाख, नाही दिसला तर दोन

२०२४ साल उजाडलं ते पेट्रोल पंपांवरच्या रांगांनी. धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, अशी तरतूद नव्या भारतीय न्याय संहितेत आली होती. तिच्याविरुद्ध ट्रकचालकांनी चाकं थांबवली आणि इंधन संपणार या धास्तीनं नागपूरपासून मुंबईपर्यंत लोक पंपांवर धावले. दोन दिवसांत सरकारनं नमतं घेतलं. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवूनच झाली. वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा रंगली ती शिक्षेची. दहा वर्षं जास्त की कमी, चालक थांबला तर जमाव मारेल त्याचं काय, पळाला तर पोलिसांना कळवायची सोय कोणती.

संप मिटल्यावर दहाच दिवसांनी, १२ जानेवारी २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठानं याच विषयावर एक आदेश दिला. त्यासाठी कुठे रांगा लागल्या नाहीत आणि फारशा चर्चाही झडल्या नाहीत. प्रश्न होता पळून गेलेल्या गाडीखाली जो सापडला त्याच्या घरच्यांना काय मिळतं याचा. न्यायालयापुढे आलेले आकडे वाचून आपण सगळ्यांनीच जरा ओशाळायला हवं होतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या हिशेबानं २०२२ या एका वर्षात देशात ‘हिट अँड रन’चे ६७,३८७ अपघात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसं गेली. भरपाई योजनेत २०२२-२३ मध्ये अर्ज आले २०५ आणि निकाली निघाले ९५. पाच वर्षांचा एकत्र हिशेबही तसाच: ६६० मृत्यू आणि ११३ जखमी, एवढ्याच प्रकरणांत भरपाई दिली गेली, आणि सगळी रक्कम मिळून दोन कोटींच्याही आत.

मंत्रालयाच्या आकड्यांत नंतर सापडलेल्या काही गाड्या असतील, ते वजा करा. काही घरांना दुसऱ्या वाटेनं पैसे मिळाले असतील, तेही वजा करा. तरी तीस हजार मृत्यू आणि दोनशे अर्ज यांच्यामधली दरी बुजत नाही. एवढी माणसं हक्काचे पैसे सोडून देत नसतात. असं काही मिळतं, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

इथे एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी, कारण बातम्यांनी ती पार गुंतवून टाकली आहे. आपण ‘हिट अँड रन’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पुण्याच्या कल्याणीनगरची पोर्शे येते, नाहीतर वरळीची बीएमडब्ल्यू. पण त्या दोन्ही गाड्या सापडल्या, त्यांचे मालक कळले. मोटार वाहन कायद्याच्या भाषेत ‘हिट अँड रन’ म्हणजे योग्य ते प्रयत्न करूनही ज्यातल्या वाहनाची ओळखच पटली नाही असा अपघात. या व्याख्येत बसणारा अपघात सहसा बातमीत येतच नाही. आला तर आतल्या पानावर चार ओळींत येतो: अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू, अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल. काही महिन्यांनी पोलीस ‘ए’ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा तपास लागला नाही. पोलिसांच्या लेखी प्रकरण तिथं मिटतं.

कायद्याच्या लेखी ते मिटू नये अशी सोय मात्र आहे. कलम १६१ खाली मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी ५० हजार रुपये ठरलेले आहेत. २०१९ च्या दुरुस्तीआधी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते, आणि ते १९९४ पासून तसेच गोठलेले होते. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू आहे आणि कागदावर ती चांगली सुटसुटीत आहे. अर्ज करायचा महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदाराच्या पातळीवर. त्यानं महिन्याभरात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि विमा कंपन्यांच्या जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं पुढच्या पंधरा दिवसांत खात्यात पैसे जमा करायचे. वकील लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. चूक कुणाची हेही कुणी विचारत नाही. सगळं दोन महिन्यांत.

मग अर्ज का येत नाहीत? न्यायालयानं नेमकं इथंच बोट ठेवलं. अपघातानंतर महिन्याभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर ठाणेदारानं जखमीला किंवा मृताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यावी, चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता आणि संपर्क द्यावा, आणि अपघाताचा अहवालही महिन्याच्या आत स्वतःहून त्या अधिकाऱ्याकडे पाठवावा, असा आदेश झाला. आदेश चोख आहे. पण पोलीस ठाण्यात ज्या हवालदाराकडे ही फाइल असते, त्याच्याच टेबलावर बंदोबस्ताचं पत्रक असतं, समन्सचा गठ्ठा असतो आणि साहेबांचा फोन असतो. ज्या गुन्ह्यात आरोपीच नाही, त्या गुन्ह्यातल्या वारसांना पत्र धाडणं हे त्याच्या यादीत शेवटून पहिलं काम असतं. धाडलं नाही म्हणून त्याला कुणी जाब विचारत नाही.

आपल्याकडच्या लोकांना योजना समजत नाहीत, असं कुणी म्हणेल तर ते मला पटत नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख मिळतात, हे गावात बहुतेकांना ठाऊक असतं. कृषी सहायक घरी येतो, कोणते कागद लागतील ते सांगतो, सरपंच पाठपुरावा करतो, आणि निवडणूक जवळ असेल तर धनादेश देतानाचा फोटोही निघतो. रक्कम तितकीच, गाव तेच, अनेकदा अपघातही तोच. फरक एवढाच की एका योजनेला विचारपूस करणारं खातं आहे आणि दुसरीला कुणी वाली नाही. रस्ते वाहतूक खात्याचा माणूस तालुक्याला नसतो. पोलीस म्हणतात हे महसूलचं काम, महसूलवाले म्हणतात पोलिसांकडून काही आलंच नाही, आणि ज्यांच्याकडे शेवटी पैसे आहेत ते विमा कंपन्यांचं कौन्सिल मुंबईत अर्जाची वाट बघत असतं.

आता रकमेकडे येऊ. समजा ३२ वर्षांचा एक माणूस आहे. गोदामात हमाली करतो किंवा एखाद्या दुकानात कामाला आहे, महिन्याला १५ हजार कमावतो. घरी बायको, दोन मुलं आणि आई. रात्री सायकलवरून परतताना त्याला मागून गाडीनं उडवलं. गाडीचा नंबर मिळाला आणि तिचा विमा चालू असला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाईचं गणित सर्वोच्च न्यायालयानं सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या रीतीनं करतं. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजार. पुढे ते वाढलं असतं म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले २ लाख ५२ हजार. अवलंबून असलेले चारजण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १ लाख ८९ हजार. त्या वयाचा गुणक १६. उत्तर येतं ३० लाख २४ हजार. अंत्यविधी वगैरेंची ठरीव रक्कम आणि व्याज वेगळं.

तोच माणूस, तीच सायकल, तीच रात्र. फक्त वळणावर दिवा नव्हता आणि मागच्या पाटीवरचा नंबर कुणाला वाचता आला नाही. आता उत्तर येतं दोन लाख.

त्या कुटुंबाच्या भरपाईत अठ्ठावीस लाखांचा फरक पडला तो कशानं? मृताच्या चुकीनं नाही. कायद्यानं दोष ठरवण्याची जी पद्धत आहे तिच्यानंही नाही. पडला तो गुन्हेगाराच्या यशानं. जो पळण्यात यशस्वी झाला त्याच्या हुशारीची किंमत कायदा मेलेल्या माणसाच्या घराकडून वसूल करतो. दोन लाख ही रक्कम म्हणजे सांत्वन आहे. १९८९ च्या जुन्या योजनेचं नावच मुळी ‘सोलेशियम’ होतं, ते निदान प्रामाणिक होतं. शिवाय ही रक्कम वाढवायला संसदेपुढे जाण्याचीही गरज नाही. दोन लाख ‘किंवा केंद्र सरकार ठरवील ती अधिक रक्कम’ असं कलमातच लिहिलेलं आहे. रुपयाची किंमत काळानुसार घटते, तेव्हा ही रक्कम वेळोवेळी वाढवता येईल का याचा विचार करा, असं सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२४ च्या त्या आदेशात केंद्राला सांगितलं होतं.

तरी अज्ञात वाहनाची गोष्ट थोडी बरी म्हणावी, अशी दुसरी एक गोष्ट आहे. गाडी सापडली, मालकही सापडला, पण गाडीला विमाच नाही. इथे कायद्याची खरी गंमत होते. गाडीची ओळख पटली म्हणजे ‘हिट अँड रन’ची व्याख्या संपली, म्हणजे ते दोन लाखही गेले. विमा नाही म्हणजे कंपनी नाही. उरला मालक. न्यायाधिकरण निकाल देतं की मालकानं तीस लाख द्यावेत, आणि मालक असतो दहा वर्षं जुन्या दुचाकीचा धनी. दाखला काढून ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करायची सोय कलम १७४ मध्ये आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर वीस गुंठे आणि सोसायटीचा बोजा आहे, त्याच्याकडून वसूल काय करणार? निकालाची प्रत हातात, तीही पाच-सात वर्षांनी, आणि खात्यात शून्य.

असे मालक थोडे आहेत का? देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा चालू नाही, हे संसदेच्या समितीपुढेही येऊन गेलं आहे, आणि त्यात मोठा वाटा दुचाकींचा आहे. गाडी शोरूममधून निघते तेव्हा विमा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशामुळे नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी घ्यावाच लागतो. घोळ होतो तो पहिल्या नूतनीकरणाला. दुचाकी तोवर भावाला दिलेली असते किंवा गावाकडे गेलेली असते. तिथे तिला कोण अडवणार? ऊस हंगामात साखर कारखान्यांच्या रस्त्यांवरून रात्री जाऊन पाहा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, नंबर असलाच तर चिखलाखाली, आणि त्याच्या वर मात्र ‘आईचा आशीर्वाद’ ठळक अक्षरांत.

थर्ड पार्टी विमा महाग आहे, ही तक्रार खरी नाही. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये आणि हजार सीसीपर्यंतच्या कारला २,०९४ रुपये, वर कर. साध्या दुचाकीचा वर्षभराचा हप्ता महिन्याच्या मोबाइल रिचार्जच्या दुपटीच्या आसपास जातो. आणि विम्याविना गाडी चालवण्याचा पहिल्यांदाचा दंड २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,०००. कायद्यात तीन महिन्यांची कैदही आहे, ती कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही. म्हणजे तीन वर्षांत एकदाच पकडले गेलात तर कारवाल्याला विमा न काढणं सरळसरळ स्वस्त पडतं. माणूस हिशेबी आहे, त्याला दोष देऊन काय उपयोग?

हा सारा घोळ एका चुकीच्या समजुतीतून निघतो असं मला वाटतं. थर्ड पार्टी विमा हा मालक आणि कंपनी यांच्यातला खासगी करार आहे, असं आपण धरून चाललो आहोत. मालकानं हप्ता भरला तर करार जिवंत, नाही भरला तर मेला, आणि करार मेला की रस्त्यावरच्या माणसाचा हक्कही मेला. पण हा विमा मालकासाठी सक्तीचा केलेलाच नाही. मालकाला त्याच्या गाडीच्या नुकसानीचा एक पैसाही त्यातून मिळत नाही. तो सक्तीचा आहे रस्त्यावरून चालणाऱ्या तिसऱ्यासाठी. ज्याचा त्या करारावर सही करायला काही संबंध नव्हता, त्याचा हक्क त्या करारातल्या एका पक्षाच्या आळसावर का अवलंबून ठेवायचा?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी अज्ञात असो की विम्याविना असो, पीडिताला भरपाई मिळावी ती विमा असलेल्या गाडीच्या अपघातात मिळते तीच, न्यायाधिकरणानं ठरवलेली, एका सामायिक निधीतून. आणि त्या निधीनं ती मालकाकडून, चालकाकडून, जो सापडेल त्याच्याकडून वसूल करत बसावं. वसुलीची दगदग विधवेच्या डोक्यावर नको, ती ज्या संस्थेकडे वकील आहेत आणि वेळ आहे तिच्याकडे हवी.

यात नवं काहीच नाही. ब्रिटनमध्ये १९४६ पासून मोटर इन्शुरर्स ब्युरो हेच करतं आहे. तिथे मोटार विमा विकायचा असेल तर कंपनीला या ब्युरोचं सभासद व्हावंच लागतं, सगळ्या कंपन्या मिळून वर्गणी भरतात, आणि विमा नसलेल्या किंवा न सापडलेल्या चालकामुळे झालेल्या इजेची भरपाई ब्युरो देतं. आपल्याकडेही सांगाडा तयार आहे. कलम १६४-ब खाली मोटार वाहन अपघात निधी उभा राहिला आहे आणि त्यातून हिट अँड रनचे दोन लाख दिले जातात. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या रोकडरहित उपचार योजनेत कोणत्याही रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार मिळायची सोय आहे. तिथे गाडीला विमा होता का, गाडी सापडली का, हे प्रश्न आड येत नाहीत. म्हणजे जखमी माणूस दवाखान्यात असेपर्यंत शासनाला हे तत्त्व मान्य आहे. तो मेला की मान्य नाही.

यावर विमा क्षेत्रातले लोक दोन आक्षेप घेतात. पहिला असा की निधीचा भार शेवटी प्रामाणिकपणे हप्ता भरणाऱ्यांवरच पडणार. पडेल, थोडा पडेल. पण आज तो पडत नाही असं नाही. तुमच्या उभ्या कारला विमा नसलेल्या स्कूटरनं ठोकलं तर काय होतं? स्कूटरवाल्याकडे द्यायला काही नाही, म्हणून तुम्ही तुमच्याच पॉलिसीवर क्लेम टाकता. तुमच्याकडे नुसता थर्ड पार्टी असेल तर तोही मार्ग नाही, खर्च तुमच्या खिशातून. ‘फुल’ पॉलिसी असेल तर सर्व्हेअर येतो, घसारा कापतो, हजार-दोन हजारांचा ठरलेला वाटा तुमच्या माथी मारतो, आणि पुढच्या वर्षी तुमचा नो क्लेम बोनस शून्यावर येतो. पाच वर्षं क्लेम न करता कमावलेली पन्नास टक्क्यांची सूट गेली. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सूट धरून सात हजार असेल, तर तो एकदम चौदा हजार होतो. चूक दुसऱ्याची हे कंपनीलाही मान्य असतं, तरी होतो. म्हणूनच तर चौकाचौकात भर रहदारीत ‘दोन हजार द्या आणि जा’ अशी न्यायालयं भरतात. विमा न काढणाऱ्याचा भुर्दंड काढणारा आजही भरतोच आहे, फक्त ज्याच्या गाडीला धक्का लागला तो एकटाच भरतो. निधीमुळे तो सर्वांत वाटला जाईल. विमा म्हणजे दुसरं काय असतं?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. अज्ञात वाहनालाही पूर्ण भरपाई मिळाली, तर स्वतः घसरून पडलेले लोकही ‘मागून गाडीनं उडवलं’ म्हणत येतील. खोटे दावे ही काल्पनिक भीती नाही. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं आहे. पण ते खोटे दावे कसे होतात ते पाहा. अपघातानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एक विमा असलेली गाडी ‘सापडते’, तिचा चालक गुन्हा कबूल करतो आणि साक्षीदार उगवतो. हा बनाव करावासा वाटतो तो का? दोन लाख आणि तीस लाख यांच्यातल्या फरकामुळे. खऱ्या अज्ञात वाहनानं मारलेल्या माणसाच्या घरच्यांनाही दलाल येऊन सांगतो, गाडीची सोय करू, निम्मे आमचे. दोन्हीकडे रक्कम सारखी असेल तर गाडी ‘उभी करण्याचा’ हा धंदा निम्मा तरी बसेल. उरलेल्या खोट्या दाव्यांसाठी पंचनामा आहे, शवविच्छेदन आहे, गाडीवरच्या धडकेच्या खुणा आहेत. तपास नीट करा, हे त्यावरचं उत्तर आहे.

आणि तपास करता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूर-जबलपूर महामार्गावर ट्रकच्या धडकेत एका महिलेचा मृत्यू झाला. मदतीला कुणी थांबेना, म्हणून नवऱ्यानं तिचा मृतदेह मोटारसायकलवर बांधून नेला. तो व्हिडिओ देशभर फिरला. ट्रकचा नंबर ठाऊक नव्हता, नवऱ्याला फक्त त्यावरच्या लाल खुणा आठवत होत्या. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांवरचं चित्रण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं तपासलं आणि शेकडो किलोमीटर दूर गेलेला तो ट्रक ३६ तासांत शोधून काढला. पोलिसांचं कौतुक व्हायलाच हवं. फक्त मनात येतं, व्हिडिओ निघाला नसता तर तो ट्रक ‘ए’ समरीत गेला असता का?

साधनं आपल्याकडे आता इतकी आहेत की अज्ञात हा शब्द महामार्गावर तरी सहजासहजी वापरता येऊ नये. टोलनाक्यांवर फास्टॅग आहे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची साखळी आहे, जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाट्या बसवण्याची मोहीम आहे (तिची मुदत किती वेळा वाढली ते विचारू नका). विमा आहे की नाही हे ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत नंबर टाकताच दिसतं. ओडिशा आणि बिहारनं टोलवरच्या कॅमेऱ्यांनी गाडीचे कागद तपासून आपोआप ई-चलान पाठवायला सुरुवात केली. आपण वेगमर्यादेसाठी इतके तत्पर, की एक्स्प्रेसवेवर जरा वेग वाढला की घरी पोचायच्या आत मोबाइलवर चलान येतं. त्याच कॅमेऱ्यानं त्याच नंबरचा विमा तपासणं हे फार मोठं काम नव्हे. ब्रिटनमध्ये विम्याविना सापडलेली गाडी पोलीस तिथल्या तिथे ताब्यात घेतात आणि विमा दाखवल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये राज्यांना सांगितलं की विमा नसलेल्या गाडीनं अपघात केला तर मालकानं पुरेशी हमी दिल्याशिवाय ती सोडू नका, हमी आली नाही तर लिलाव करा. पण हे सगळं अपघातानंतरचं. गाडी अडवायची तर ती माणूस मारण्याआधी अडवायला हवी.

सहा महिन्यांच्या मुदतीबद्दलही बोललं पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीनं न्यायाधिकरणात दावा लावायला अपघातापासून सहाच महिने दिले. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण तत्त्व म्हणून ती मुदत किती विचित्र आहे पाहा. पोलीस गाडी शोधत आहेत, चौथा महिना, पाचवा महिना, आणि सातव्या महिन्यात गाडी सापडली. आता दावा कुणावर लावायचा ते कळलं आणि लावायची वेळ संपली. मुदत ठेवायचीच असेल तर ती गाडीची ओळख पटल्याचं वारसांना लेखी कळवलं त्या दिवसापासून मोजा.

निधीसाठी दिल्लीला कायदा बदलावा लागेल, त्याला वेळ लागेल. तोवर प्रत्येक वाहनमालकानं एक काम आजच करावं. पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का ते बघावं. समोरची गाडी अज्ञात असो वा विम्याविना, हे पैसे स्वतःच्या कंपनीकडून मिळतात. दुसरीकडे तेवढं संरक्षण असेल तर ते वगळता येतं, आणि त्या सवलतीचा आधार घेऊन पॉलिसी स्वस्त करताना कित्येकांची ती रकान्यातली खूण नकळत निघून जाते. पायी चालणाऱ्याला मात्र असली कोणतीही पॉलिसी नसते. रात्री रस्त्याच्या कडेनं चालणाऱ्या मजुराला आपण कोणत्या रकान्यात खूण करायला सांगणार?

आणि महाराष्ट्र सरकारला दिल्लीची वाट न पाहता करता येईल असं एक काम आहे. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे अज्ञात वाहनाच्या गुन्ह्यांची यादी असते आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे भरपाईच्या अर्जांची. दोघांची कार्यालयं सहसा एकाच शहरात असतात. दर तीन महिन्यांनी या दोन याद्या समोरासमोर ठेवाव्यात, ज्या गुन्ह्यासमोर अर्ज नाही त्या घरी तलाठ्याला अर्ज घेऊन पाठवावं, आणि किती गुन्हे, किती अर्ज, किती जणांच्या खात्यात पैसे गेले, हे तीन आकडे जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावेत. पहिल्या तिमाहीचे आकडे लाजिरवाणे येतील. ते तसेच छापावेत.